पिल्लाचे पुढचे पाय मनगटात खचलेत, काय करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

घरी ग्रेट डेनचं पिल्लू आहे. नर, ११ आठवड्यांचा, नाव हत्ती. (नावावरून घरात भांडण झालं होतं, तो विषय वेगळा.) ८ आठवड्यांचा असताना आला तेव्हा पाय मला तरी सरळ वाटले होते. गेल्या आठ-दहा दिवसांत मात्र पुढचे दोन्ही पाय मनगटात मागे खचल्यासारखे दिसतात. उभा राहिला की मनगटाच्या मागची ती छोटी गादी जवळजवळ जमिनीला टेकते. पंजे फताडे, बोटं फाकलेली, आणि दोन्ही पंजे जरा बाहेर वळलेले. लंगडत नाही, कुं कुं करत नाही, पायमोजे पळवण्याचा उद्योग जोरात चालू आहे.

सल्ले मिळालेत ते असे: एक, कॅल्शियमचं सिरप. दोन, दोन्ही पायांना घट्ट पट्ट्या. तीन, रोज जिना चढ-उतार, म्हणजे पाय "तयार" होतील. सिरप आणून ठेवलंय, अजून उघडलेलं नाही. घरात सगळीकडे गुळगुळीत फरशी आहे. पिल्लांचं कोरडं खाद्य देते, वाटी कायम भरलेली असते, वर दूध आणि उकडलेलं अंडं. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी मिळाली आहे. तोवर काय करू आणि काय करू नको?

फोटो खाली चिकटवलाय. घाबरू नका, तोंडात आहे तो माझाच मोजा आहे.

बारा भानगडी
रानजाई, एवढ्या मोठ्या कुत्र्याला कॅल्शियम लागणारच हो. आमच्या जर्मन शेफर्डला तिसऱ्या महिन्यापासून सिरप दिलं, कान पण ताठ उभे राहिले. बिनधास्त सुरू करा. आणि सकाळच्या उन्हात बसवा, ड जीवनसत्त्व मिळतं.

आळशी उंट
फोटोत पिल्लू कमी आणि पंजेच जास्त दिसतायत. खुर्ची टाकून बसलोय, जाणकार येतीलच.

गुरांचा डॉक्टर
नाव बघून हसू नका, कॉलेजातलं आहे. गेली काही वर्षं कुत्री-मांजरंच बघतोय.

रानजाई, सिरपची बाटली उघडू नका. पट्ट्या बांधू नका. जिनाही नको. तिन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असणार, पण तिन्ही उलटे आहेत.

फोटोवरून निदान करत नाही, चार दिवसांनी दाखवायचंच आहे. पण दोन्ही पाय सारखे, दुखत नाही, लंगडत नाही, वय ११ आठवडे, जात झपाट्याने वाढणारी, फरशी गुळगुळीत, हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय मनगटाच्या सैलपणाचा येतो. साधारण दीड ते चार महिन्यांच्या पिल्लांत हे दिसतं. ग्रेट डेन, डॉबरमन, शेफर्ड यांच्यात जास्त. हाडं आणि वजन पुढे धावतं, मनगट सावरून धरणारे स्नायू आणि स्नायुबंध मागे पडतात. बहुतेक पिल्लं एक ते चार आठवड्यांत सुधारतात. अट एवढीच, की आपण मध्ये पडायचं नाही.

पट्टी का नको? पट्टी बांधली की मनगट पट्टी धरून ठेवते आणि स्नायूंना काम उरत नाही. काम नसलेला स्नायू आणखी ढिला पडतो. पंधरा दिवसांनी पट्टी सोडली की पाय पहिल्यापेक्षा खाली गेलेला असतो. यातून पार आडवे झालेले पाय मी पाहिले आहेत.

याचा उलटा प्रकारही असतो. मनगट पुढे वाकतं, पिल्लू कमानीसारखं उभं राहतं, पाय लटपटतात. घसरट जमिनीवर तोही वाढतो आणि तोही बहुधा पकड असलेल्या जमिनीवर आपोआप सरळ होतो. तो फार तीव्र असेल तर कधी कधी हलका आधार देतात, पण तो निर्णय पाय हातात घेऊन तपासणाऱ्याचा.

आता चार दिवसांतलं काम. मनगटाच्या किंचित वर, हाताच्या हाडाच्या टोकाशी दाबून बघा. गरम लागतं का, सूज आहे का, दाबल्यावर पाय ओढून घेतो का? ताप, मरगळ, खाणं सोडणं, यातलं काही दिसलं तर चार दिवस थांबू नका, त्याच दिवशी न्या. मोठ्या जातींत २ ते ७ महिन्यांच्या वयात हाडांच्या वाढणाऱ्या टोकांना दाह होण्याचा एक आजार होतो, त्यात असंच होतं आणि पिल्लू वेदनेने उभंसुद्धा राहत नाही. तुमच्या वर्णनात तसं काही नाही. मोजे पळवणारा पेशंट मला आवडतो.

खाण्याबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, आता ओपीडीची वेळ झाली.

रानजाई
हुश्श. दाबून बघितलं. गरम नाही, सूज नाही, उलट हात चाटला. बाटली कपाटात गेली आहे. खाण्याबद्दल वाट बघते.

बारा भानगडी
डॉक्टर, मान्य, पण कॅल्शियमने नुकसान कसं होईल? जास्त झालं तर शरीर बाहेर टाकतंच की. आणि आमचे कान?

गुरांचा डॉक्टर
बारा भानगडी, माणसाच्या बाबतीत तुमचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या बाबतीतही खरं आहे. लहान पिल्लाच्या बाबतीत नाही, आणि गोची नेमकी तिथेच आहे. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला "आता पुरे" म्हणता येत नाही. खाण्यात जेवढं कॅल्शियम येईल त्याचा मोठा हिस्सा आत जातो. रक्तातलं कॅल्शियम वाढू नये म्हणून शरीर ते हाडांत कोंबतं आणि हाडाची रोजची मोडतोड-दुरुस्ती मंदावते. वाढणाऱ्या टोकाशी जी कूर्चा हाडात बदलायला हवी ती तशीच अडकून राहते. मग पुढचे पाय वाकडे, सांधे खराब.

ही ऐकीव गोष्ट नाही. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवरच हे तपासलं गेलं. एका गटाच्या खाद्यात १.१ टक्के कॅल्शियम, दुसऱ्याच्या खाद्यात ३.३ टक्के. जास्त कॅल्शियमवाल्या पिल्लांच्या हाडांत आणि सांध्यांत दोष उभे राहिले. पुढे त्याच जातीच्या पिल्लांत प्रथिनांचंही पाहिलं, कारण "जास्त प्रोटीनने हाडं वाकतात" असं तेव्हाही म्हणायचे. प्रथिनांचा तसा परिणाम सापडला नाही. म्हणजे दोषी प्रथिनं नव्हेत. दोषी आहेत जादा कॅल्शियम आणि जादा उष्मांक.

कान. शेफर्डचे कान दात येण्याच्या काळात पडतात आणि दात आले की बहुतेकांचे आपले आपण उठतात. सिरप नेमकं त्याच काळात चालू असतं, म्हणून श्रेय त्याला मिळतं. कोंबडा आरवतो म्हणून सूर्य उगवतो म्हणण्यापैकी आहे हे.

उन्हाचंही सांगून टाकतो. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच घ्यावं लागतं. ऊन त्याला आवडतं म्हणून खुशाल बसू द्या, औषध म्हणून नको. आणि म्हणून वरून ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा माशाच्या यकृताचं तेलही ओतू नका, जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

चारपायी
डॉक्टरांना अनुमोदन, आणि एक कबुली.

घरात पाठोपाठ पाच मोठी कुत्री झाली. पहिली रॉटवायलर होती. तेव्हा माहिती काडीची नव्हती, हौस मात्र उदंड. चांगलं पपी फूड, त्यावर सिरप, त्यावर हाडांची भुकटी. पाचव्या महिन्यात तिला बघून लोक म्हणायचे, वा, काय अंग भरलंय! मी फुगायचो. नवव्या महिन्यात सकाळी उठताना पुढचे पाय धरू लागली. कोपरं गेलेली. कोपराच्या दोषात आनुवंशिकता मोठी असते, त्यामुळे सगळं माझ्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण मी आगीत तेल ओतत होतो हे नक्की.

नंतरच्या चौघांना मी काही म्हणजे काहीही वरून दिलं नाही. पाचव्या महिन्यात ती चारही पिल्लं लोकांना "मरतुकडी" वाटायची. "खायला घाला हो त्याला" हे रस्त्यातल्या अनोळखी माणसांकडून ऐकायची तयारी ठेवा, रानजाई.

गुरांचा डॉक्टर
चारपायींनी माझं निम्मं काम केलं.

कायम भरलेली वाटी आजपासून बंद. दिवसाचं मोजून तीन-चार वेळांत विभागायचं, पंधरा मिनिटांत उचलायचं. मोजायचं म्हणजे वजनकाट्यावर. वाटीच्या मापाने खूप फरक पडतो. पाकिटामागचा तक्ता ही फक्त सुरुवात समजा. खरा तक्ता पिल्लाच्या बरगड्यांवर आहे. हाताची मूठ वळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरं बोट फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर पिल्लू बारीक आहे. आता तळहात उघडून बोटांच्या मुळांवरून फिरवा. अशा लागल्या तर जाड आहे. तळहात पालथा करून मागच्या बाजूने फिरवा. असं लागायला हवं. वरून बघितलं की कंबर दिसायला हवी, बाजूने बघितलं की पोट आत गेलेलं.

बारीक ठेवल्याने उंची कमी राहील ही भीती असते. राहत नाही. तेवढीच उंची गाठायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि हवा आहे तो तोच वेळ. लॅब्रॅडॉरवरचा एक प्रयोग मी प्रत्येक मालकाला सांगतो. ४८ कुत्री, एकाच वेतातली जोडी-जोडीने, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, पिल्लूपणापासून मरेपर्यंत. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचे आजारही त्यांना उशिरा आणि कमी.

खाद्य "लार्ज ब्रीड पपी"चंच असू दे. एएएफसीओ या अमेरिकी संस्थेच्या निकषात मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के आहे, कोरड्या वजनावर. मोठी जात म्हणजे पूर्ण वाढीनंतर ७० पौंड, सुमारे ३२ किलो किंवा जास्त. मला स्वतःला १.२ ते १.५ च्या आतबाहेर असलं की बरं वाटतं. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त हवं, फार जास्त नको.

दूध बंद. त्याची गरज नाही, जुलाब झाले तर ते वेगळंच दुखणं. अंडं अधूनमधून चालेल, पण खाद्याच्या वजनातून वजा करून.

रानजाई
माझ्या पाकिटावर कॅल्शियम १.४ टक्के लिहिलंय. पण "कोरड्या वजनावर" असं कुठेच नाही. आणि ओल्या डब्यावर ०.३ टक्केच आहे! म्हणजे डबा अपुरा?

चारपायी
नाही नाही, इथेच सगळे फसतात. छापलेला आकडा पाण्यासकट असतो. पाणी काढून टाका. कोरड्या खाद्यात १० टक्के ओलावा असेल तर १.४ भागिले ०.९, म्हणजे सुमारे १.५६. डब्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरले २२ टक्के. ०.३ भागिले ०.२२, म्हणजे जवळपास १.३६. आकडा लहान दिसला तरी दोन्ही एकाच गावचे. तुमचं मर्यादेत आहे. आता त्यावर सिरप ओतलं असतं तर काय झालं असतं, हे गणित मात्र तुम्हीच करा.

ढवळ्यापवळ्या
सगळी चर्चा पाकिटांभोवती चाललीय. कुत्रा मुळात मांसाहारी प्राणी. पिल्लाला निव्वळ ताजं मांस द्या, निसर्ग बघून घेईल. आमच्या ओळखीत एकाने तसंच वाढवलं.

गुरांचा डॉक्टर
निसर्गात तो निव्वळ मांस खात नाही, हाडासकट शिकार खातो. हाडाशिवायच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्याच हाडांतून ते उपसतं. हाडं कागदासारखी होतात, उडी मारताना मोडतात. आणि हेच बघून कोणीतरी म्हणतं, "बघा, कॅल्शियम लागतं!" लागतंच. कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. घरचं शिजवून किंवा कच्चं द्यायचंच असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून पिल्लाच्या अपेक्षित वजनावर बेतलेला आहार लिहून घ्या. अंदाजपंचे नको, निदान ग्रेट डेनच्या बाबतीत तरी.

ढवळ्यापवळ्या
बरं. मुद्दा घेतला. ओळखीतल्याचं कुत्रं तसं छोट्या जातीचं होतं, हेही खरं.

सोनसाखळी
मी कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. आतापर्यंत कोणी नखांचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. रानजाई, तुमचा फोटो मोठा करून बघितला. नखं लांब आहेत!

नख जमिनीला टेकलं की ते बोटाला मागे ढकलतं. बोट वर उचललं जातं, पंजा उघडतो, भार पुढच्या टोकाऐवजी मागे सरकतो. आधीच सैल असलेल्या मनगटाला हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कडक फरशीवर चालताना टकटक आवाज आला तर नखं मोठी समजायची. दर आठवड्याला टोकाचं अगदी थोडं काढायचं. नखाच्या आत रक्ताची नस असते, वारंवार थोडं थोडं काढत राहिलं की ती मागे सरकते. एकदम लांबलचक कापायला गेलात तर रक्त येईल आणि हत्ती आयुष्यभर कात्री बघून पळेल. काळी नखं असतील तर कापल्यावर समोरून बघा, मध्ये ओलसर गडद ठिपका दिसला की थांबा. मनगटाच्या आतल्या बाजूचं पाचवं नख विसरू नका, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि गोल फिरून मांसात घुसतं.

आणि तळव्याच्या गाद्यांमधले केस. डेनला फार नसतात, पण लांब केसांच्या जातींत ते गादीच्या पातळीला कापा. नाहीतर पिल्लू मोजे घालून फरशीवर चालल्यासारखं घसरतं.

आळशी उंट
म्हणूनच तो मोजे पळवतोय. बदला.

रानजाई
:हसून लोळण:
टकटक येतेय खरं. आज रात्री दोघांनी मिळून चार नखं केली, उरलेली उद्या. फरशीवर रबरी पाठीच्या चटया टाकल्या. वाटी, दार आणि झोपायची जागा जोडणारा रस्ताच केलाय. घर कुस्तीच्या आखाड्यासारखं दिसतंय.

व्यायामाचं काय? "वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं" असा काहीतरी नियम ऐकलाय.

गुरांचा डॉक्टर
पाच मिनिटांच्या त्या नियमामागे ठोस संशोधन नाही. पण पट्टा लावून कडक रस्त्यावर फरफटत नेणाऱ्याला तो आवरतो, म्हणून मी त्याच्याशी भांडत नाही.

नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या पिल्लांचा मागोवा घेतला होता. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिना वापरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला. ज्यांना त्या वयात मऊ, उंचसखल जमिनीवर पट्ट्याशिवाय बागडायला मिळालं त्यांच्यात कमी. अभ्यास खुब्याचा होता, पुढच्या पायांचा नव्हे, पण हत्तीच्या जिन्याचा निकाल लावायला पुरेसा आहे.

पुढच्या पायांचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. कुत्र्याच्या अंगाचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. आणि आपल्यासारखं गळपट्टीचं हाड त्याला कामापुरतंसुद्धा नसतं. धड पुढच्या पायांच्या मधोमध फक्त स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं. त्यामुळे पाय मजबूत करायचे म्हणजे पंज्याकडे बघत बसायचं नाही, छाती-खांद्याची ती झोळी घट्ट व्हायला हवी. छाती अरुंद असते तोवर कोपरं आत आणि पंजे बाहेर दिसतात. छाती भरली की थोडं बाहेर वळलेलं बऱ्याच पिल्लांत आपोआप आत येतं.

झोळीला काम कसं द्यायचं? गवतावर, भुसभुशीत मातीवर, वाळूत त्याच्या मर्जीने हुंदडू द्या. उकरू द्या, उकरण्यासारखा खांद्याचा व्यायाम नाही. बारीक चढावर हळू चाल. जमिनीवर चार-पाच काठ्या अंतराअंतराने आडव्या ठेवून त्यांवरून चालवा, उंची अजिबात न देता. पाय विचार करून उचलावा लागतो. तो स्वतः बसला की संपलं, "अजून एक फेरी" नाही. चेंडू फेकून गर्रकन वळवणं, सोफ्यावरून उड्या, गाडीतून खाली उडी, सायकलबरोबर पळवणं, हे वर्षभर तरी नाही. आणि आपल्यापेक्षा तिप्पट वजनाच्या कुत्र्याशी दंगामस्तीही नाही.

चारपायी
जुने ब्रीडर गोल गुळगुळीत बारीक खडीचा एक कोपरा करतात, पिल्लांचे पंजे "बांधले" जावेत म्हणून. मी केला होता. पाय खडीत रुततो, बोटं आवळून धरावी लागतात. मला फरक वाटला. शास्त्र डॉक्टर सांगतील.

सोनसाखळी
शास्त्र राहू द्या, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पिल्लाच्या पोटातून तीच खडी शस्त्रक्रिया करून काढली. दात येण्याच्या वयात खडी म्हणजे खाऊ.

चारपायी
हा मुद्दा बिनतोड आहे. समोर उभं राहून, दहा मिनिटं, तेवढंच.

रानजाई
डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनीही मनगटाचा सैलपणाच सांगितला, पट्टी-सिरप काही नाही, तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. वजन १२.४ किलो. बरगड्या "तळहात उघडून" वर्गातल्या निघाल्या, म्हणजे गुटगुटीत. खाणं थोडं कमी केलं. दर रविवारी तेच दार, तोच कोन, त्याच चटईवर फोटो काढायचा असं ठरवलंय, कारण रोज बघून मला रोज बरं आणि रोज वाईट वाटतं.

कोरा कागद
धागा वाचनखुणेत टाकला होता, आता माझाही प्रश्न. गोल्डन रिट्रीव्हर, मादी, ५ महिने. फक्त पुढचा उजवा पंजा बाहेर वळत चाललाय, कोपराखालचा पाय धनुष्यासारखा वाटतो. वरचं सगळं वाचून चटया टाकल्या, नखं कापली, खाणं मोजलं. दोन आठवडे झाले, फरक नाही, उलट वाढलंय. अजून किती दिवस थांबू?

गुरांचा डॉक्टर
अजिबात थांबू नका. गेल्या दीड-दोन महिन्यांत कुठून पडली होती का? उडी? दारात पाय सापडला?

कोरा कागद
हो!! गाडीच्या डिकीतून उडी मारली होती, साधारण पाच आठवड्यांपूर्वी. दोन दिवस लंगडली, मग एकदम ठणठणीत झाली म्हणून दाखवलं नाही.

गुरांचा डॉक्टर
या आठवड्यात एक्स-रे. दोन्ही पुढच्या पायांचा, कोपरापासून पंज्यापर्यंत, म्हणजे चांगल्या पायाशी तुलना करता येते.

कारण सांगतो, बाकीच्यांच्याही उपयोगाचं आहे. कोपर ते मनगट दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. मागच्या हाडाची जवळजवळ सगळी वाढ मनगटाजवळच्या एकाच ग्रोथ प्लेटमधून (हाड जिथून लांबत जातं तो कूर्चेचा थर) होते, आणि त्या प्लेटचा आकार शंकूसारखा असतो. उडीत ती आतल्या आत चेंगरली तर त्या दिवशीच्या एक्स-रेतही काही दिसत नाही. दोन दिवसांत लंगडणं थांबतं. पण प्लेट बंद पडलेली असते. मागचं हाड वाढायचं थांबतं, पुढचं वाढतच राहतं, आणि मागचं हाड धनुष्याच्या दोरीसारखं त्याला खेचून वाकवतं. पंजा बाहेर वळतो, पुढे कोपराचा सांधाही उखडतो. तीन-चार आठवड्यांनी वाकडेपणा दिसायला लागतो, तुमच्यासारखाच.

मनगटाचा सैलपणा दोन्हीकडे असतो आणि दिवसागणिक कमी होतो. हा एकीकडे असतो आणि दिवसागणिक वाढतो. इथे चटयांचा उपयोग नाही.

रानजाई
कोरा कागद, एक्स-रे झाला की लगेच लिहा. माझ्यामुळे तुम्ही दोन आठवडे थांबलात असं वाटून चुटपुट लागली.

कोरा कागद
तुमच्यामुळे नाही हो, मीच "दोन्ही" हा शब्द वाचला नाही.

एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले तेच. प्लेट बंद झालीय. मागच्या हाडाचा एक तुकडा काढून टाकणार आहेत, म्हणजे पुढचं हाड मोकळं होईल, आणि त्या फटीत तिच्याच अंगची चरबी भरणार म्हणजे हाड परत जुळून येणार नाही. वाढायचे महिने अजून शिल्लक आहेत, त्यामुळे बराचसा बाक आपोआप सरळ होईल असं सर्जन म्हणतात. पूर्ण होईल असं म्हणाले नाहीत. गुरुवारी शस्त्रक्रिया.

चारपायी
शुभेच्छा. हाड कापणार ऐकून पोटात गोळा येतो, पण वाढ संपल्यावर याच दुखण्याला यापेक्षा कितीतरी मोठी शस्त्रक्रिया लागते. वेळेत गाठलंत.

बारा भानगडी
मी पण शुभेच्छा देतो. आणि आमच्याकडचं सिरप बंद केलंय, हे इथे नोंदवून ठेवतो. शेफर्ड सात महिन्यांचा आहे, चालायला व्यवस्थित. कान अजून उभेच आहेत.

रानजाई
महिना झाला, म्हणून धागा वर आणतेय.

चार रविवारचे चार फोटो एका ओळीत लावलेत. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या फोटोत मनगटामागची गादी जमिनीपासून बोटभर वर. तिसऱ्यात डावा पाय सरळ, उजवा मागे रेंगाळलेला. चौथा कालचा. दोन्ही मनगटं उभी, बोटं बऱ्यापैकी आवळलेली, पंजे अजून थोडे बाहेर. डॉक्टर म्हणाले छाती भरेपर्यंत वाट बघा. वजन २० किलो, आणि काल एका बाईंनी रस्त्यात थांबवून विचारलं, "याला घरी खायला मिळत नाही का?" चारपायींची आठवण आली.

कोरा कागद
हत्तीचं अभिनंदन! आमची शस्त्रक्रिया झाली. पाय टेकवते, बाक थोडा कमी वाटतो, पुढचा एक्स-रे पंधरा दिवसांनी. डिकीला आता उतरती फळी लावली आहे आणि ती फळीच्या बाजूनेच उडी मारायला बघते.

सोनसाखळी
चारही फोटो मोठे करून पाहिले. मनगटं सुंदर आलीयत. पण रानजाई, चौथ्या फोटोत डाव्या पायाचं पाचवं नख?

रानजाई
...आणते कात्री.